अर्धा पासवर्ड

माझ्या सासऱ्यांनी चौतीस वर्षं एका कचेरीत किल्ली सांभाळली. एकच किल्ली. जुन्या दस्तांच्या खोलीला दोन कुलपं होती, दुसरी किल्ली दुसऱ्या माणसाकडे असायची, आणि दोघंही हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही अशी तिथली पद्धत होती. त्या दुसऱ्या माणसाशी आपण चौतीस वर्षांत कामापलीकडे एक अक्षर बोललो नाही, हे सासरे आजही अभिमानाने सांगतात. निवृत्त होताना किल्ली परत द्यावी लागली. पद्धत मात्र ते घरी घेऊन आले.

घरात आम्ही दोन सुना. मी थोरली, आणि दुसरी माझी धाकटी जाऊ. आमचे नवरे, म्हणजे दोघं भाऊ, दिवसभर नोकरीवर, आणि खाली रस्त्याच्या बाजूला कपडे शिवायचं दुकान, ते आम्हा दोघींचं. सासऱ्यांनी घरी बसायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात भारी कापडाच्या कपाटाला दोन कुलपं ठोकली. एक किल्ली मला, एक धाकटीला. "विश्वास नाही म्हणून नव्हे, विश्वास टिकावा म्हणून," असं म्हणाले. ऐकायला छान वाटतं. धाकटी तापाने फणफणली आहे, गिऱ्हाईक खाली ताटकळत उभं आहे आणि मी तिच्या उशीखाली हात घालून किल्ली चाचपते आहे, हे किती वेळा झालं ते मला विचारा.

पुढे दुकानासाठी लॅपटॉप आला. धाकटी त्यावर कपड्यांची चित्रं काढायची, कापणीचे आराखडे करायची. कापायची मी. तिचं डोकं आणि माझी कात्री असं आमचं चाललं होतं, आणि झकास चाललं होतं. सासऱ्यांनी लॅपटॉप चारी बाजूंनी बघितला आणि विचारलं, "याला कुलूप कुठे?" त्यांना पासवर्ड म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा निकाल तयार होता. पहिला अर्धा थोरलीचा, दुसरा अर्धा धाकटीचा. एकीने टाकताना दुसरीने पाठ फिरवायची. आपला अर्धा कुणाला सांगायचा नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, आणि कागदावर तर मुळीच लिहायचा नाही.

हसायला तुमचं काय जातंय. आम्ही तीन वर्षं रोज सकाळी हे केलं. माझा अर्धा होता 'मीच मोठी', इंग्रजी अक्षरांत, सलग. तो टाकला की मी उठायची, पाठ फिरवायची, मग धाकटी बसायची आणि तिचा टाकायची. पहिले पंधरा दिवस सासरे खुर्ची टाकून देखरेखीला बसले होते.

आता जे सांगते ते मी सहा वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

पाठ फिरवली की माझं तोंड आरशाकडे व्हायचं. गिऱ्हाइकाला कपडा घालून बघायला असतो तो, माणसाएवढा. सासऱ्यांनी सगळ्याचा विचार केला होता, आरशाचा केला नव्हता, आणि स्वतः रोज सकाळी त्यातच बघून मिशा विंचरत होते. धाकटी टाइप करते एका बोटाने, चूल फुंकल्यासारखी वाकून. सहा आकडे होते. आरशात उलटे दिसायचे, पण शिवणकाम करणाऱ्या बाईला उलट्या-सुलट्याचं काय कौतुक? आठवड्याभरात मला पाठ झाले. छत्तीस, तीस, बावीस. छाती, कंबर, बाही.

ते माझं माप होतं. धाकटी या घरात नवी आली तेव्हा तिने पहिला कपडा शिवला तो माझा कोट. त्या वेळचं माप. मधल्या काळात माझी कंबर कुठच्या कुठे गेली होती, पण बाईने पासवर्डात मला तीस इंचांची ठेवली होती. मला तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फारच बरं वाटलं.

आणि एवढं बरं वाटूनही मी पुढचं केलंच.

धाकटीच्या वडिलांचा उजवा हात लुळा पडला होता. त्यांच्यासाठी तिने एका हाताने घालता येईल असा सदरा काढला, मग विजार, मग कोट. बटणं कुठे, बंद कुठे, बाही कुठून उघडायची, सगळं डोकं लावून. अशी एक्केचाळीस चित्रं झाली. दूरच्या शहरातल्या एका संस्थेला असे कपडे शिकवायला माणूस हवं होतं. त्यांनी धाकटीला लिहिलं, सोमवारपर्यंत चित्रं पाठवा, जागा जवळजवळ तुमचीच. दिराची बदली त्याच शहरात होण्यासारखी होती. घरात सगळे खूश. मीही खूश दिसत होते.

दुकानाचं कसं होणार, असं मी मनाला सांगत होते. पण दुकानाचं काय एवढं? मला मूल नाही. धाकटीची मुलगी ठकी तेव्हा दहा वर्षांची होती. शाळेतून आली की दप्तर माझ्या अंगावर फेकायची, आईकडे नंतर जायची. मला मोठी आई म्हणते. ती जाणार होती. म्हणून शनिवारी दुपारी, धाकटी ठकीला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली असताना, मी खाली जाऊन माझा अर्धा टाकला, धाकटीचा अर्धा टाकला, आणि एक्केचाळीस चित्रं पुसली. मग वर येऊन तांदूळ निवडले.

रविवारी धाकटीने लॅपटॉप उघडला. माझा अर्धा मी नेहमीसारखा टाकला. चित्रं नाहीत. शुक्रवारी तिने एकटीने बसून फायली नीटनेटक्या केल्या होत्या, दमलेली होती, त्यात चुकून दाबलं गेलं असणार, असं सगळ्यांचं मत पडलं. सासरे म्हणाले, "दोन किल्ल्यांची पद्धत आहे. चोरी होणं शक्य नाही. चूक होऊ शकते." झालं. सोमवार गेला, जागा दुसऱ्याला गेली, दिराने बदली नाकारली.

तेव्हापासून धाकटीचं नाव वेंधळी पडलं. म्हणायचे सगळे लाडानेच. तीही म्हणायची. दूध उतू गेलं की "मी वेंधळीच", पत्र हरवलं की "मी वेंधळीच, ज्या हाताने चित्रं पुसली त्या हाताने आणखी काय होणार." चित्रं काढणं तिने सोडलं. लॅपटॉपला परत हात लावला नाही, तो चार्जरसकट कपाटात गेला, आणि ती काजं-बटणं करायला बसली. मी मूग गिळून गप्प. एकदा तर मीच हाक मारली, "अगं वेंधळे, चहा टाक." तिने टाकला.

आता या महिन्यातलं.

ठकी सोळा वर्षांची झाली आहे आणि तिला सगळं कळतं, असं तिचं म्हणणं. सोमवारी संध्याकाळी ती नाचतच दुकानात आली. गावाबाहेर एक शाळा आहे, हातापायांनी अधू असलेल्या मुलांची. त्यांना अशा मुलांचे कपडे करणारं माणूस पाहिजे होतं. ठकीने परस्पर त्यांना लिहिलं होतं की माझी आई हेच करायची. शाळेने उत्तर दिलं होतं: जुनी चित्रं असतील तर शुक्रवारी पाचपर्यंत पाठवा, त्यावरून भेटायला बोलावू.

धाकटी सुईत दोरा ओवत होती. "चित्रं कुठली? मीच नाही का पुसली," ती म्हणाली.

"आई, पुसलेलं लगेच जात नाही," ठकी म्हणाली. "लॅपटॉपमध्ये एक टोपली असते. पुसलेलं सगळं तिच्यात पडून राहतं. टोपली रिकामी केली तरच जातं. तू केली होतीस रिकामी?"

"मला टोपली आहे हेच माहीत नव्हतं."

मलाही माहीत नव्हतं. मी कापड कापत होते, कात्री तिथेच थांबली.

"आणि नुसतं पडून नाही राहत," ठकीचा उत्साह उतू जात होता, "कधी पुसलं ते पण लिहिलेलं असतं. तारीख, वेळ, सगळं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं. शनिवार, दुपार, आणि ठकी दातांच्या खुर्चीत. कापड मी अर्धा इंच तिरकं कापलं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदा.

लॅपटॉप काढला, पुसला, चार्जर लावला. जुना असला तरी बेटा सुरू झाला, आणि त्याने पासवर्ड मागितला. मी माझा अर्धा टाकला. टाकावाच लागला, मी कधी काही विसरत नाही अशी माझी ख्याती आहे. मग पाठ फिरवली. सासरे वरून खास उतरून आले होते आणि पाठ फिरवली की नाही ते बघत होते.

धाकटी बसली. बोट वर उचललं आणि तसंच राहिलं.

"विसरले," ती म्हणाली.

"विसरलीस म्हणजे?" सासरे म्हणाले. "चौतीस वर्षांत मी किल्ली एकदा विसरलो नाही."

"बाबा, किल्ली खिशात असते. हे डोक्यात होतं. आणि ते सगळं मी डोक्यातून मुद्दाम काढून टाकलं होतं." मग बोट खाली घेत म्हणाली, "माप होतं. एवढं आठवतंय. सहा आकडे, कुणाचं तरी माप."

मी पाठ फिरवलेलीच ठेवली.

मंगळवार सगळा मापांत गेला. गिऱ्हाइकांची मापं वहीत असतात, ती वहीच बसून तपासली. मग घरातली माणसं, ती वहीत कशाला असतील? धाकटीने टेप गळ्यात घातली आणि एकेकाला उभं केलं. आधी ठकी, मग संध्याकाळी दोघं भाऊ कामावरून आले तसे दारातच. सासऱ्यांनी तर छाती इतकी फुगवली की माप घ्यायला दोनदा लागलं. "तेव्हा मी असाच होतो," ते म्हणाले. पाच वेळा चुकलं की लॅपटॉप रुसायचा आणि पाव तास थांबा म्हणायचा. आम्ही थांबायचो. सासरे घड्याळ धरून बसायचे.

शेवटी धाकटी टेप घेऊन माझ्याकडे आली. "ताई, हात वर करा."

केले. करणार काय? छाती चाळीस, कंबर सदतीस, बाही बावीस. बाही तेवढी होती तिथेच होती, बाकी सगळ्याने हातपाय पसरले होते. तिने आकडे टाकले. लॅपटॉप म्हणाला, नाही. माझ्या वाढलेल्या कमरेने मला वाचवलं, आणि मी मनातल्या मनात तिचे आभार मानले.

पण धाकटी टेप गुंडाळता गुंडाळता थांबली. "ताई," ती म्हणाली, "मी इथे आल्यावर तुमचा पहिला कोट शिवला होता. तेव्हाचं तुमचं माप काय होतं हो?"

खोलीत सगळे होते. नवरा होता, दीर होता, सासरे होते. आणि मी कमरेवर हात ठेवून म्हणाले, "एवढंच होतं. का? मी जाड झाले आहे का?"

कुणाची छाती आहे हो म्हणायची? नवरा छताकडे बघायला लागला. दीर म्हणाला, "छे छे, वहिनी आहेत तशाच आहेत." सासऱ्यांनी घड्याळाला किल्ली दिली. धाकटीने माझ्याकडे बघितलं, मान हलवली, आणि तो विषय तिथेच मिटला. कोट आहे का, असं तिने जाता जाता विचारलं. कसर लागली म्हणून टाकला, असं मी सांगितलं. ते मात्र खरं होतं.

रात्री झोप नाही. बायका माझ्या जिभेला घाबरतात, गिऱ्हाइकं घाबरतात, नवरा तर घाबरतोच. आणि मी एका टोपलीला घाबरले होते.

बुधवारी ठकी लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली आणि तोंड पाडून परत आली. तो म्हणाला होता, पासवर्ड काढून देतो, पण याची आतली कुलूपबंदी अशी आहे की आतलं सगळं कायमचं पुसलं जाईल. टोपलीसुद्धा. कोरा करकरीत होईल. गुरुवारी धाकटीने आणखी वीसेक मापं टाकून बघितली, शेजारच्या दुकानदाराचंसुद्धा, त्या माणसाला बिचाऱ्याला का मोजताय तेही सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी तिने टेप खुंटीला लावली.

"जाऊ दे," ती ठकीला म्हणाली. "शाळेला कळव, नाहीत म्हणावं. लॅपटॉप कोरा करून घेऊ, तुला अभ्यासाला तरी होईल. माझ्या नशिबी एकच गोष्ट दोनदा घालवायची होती, घालवली."

सुंठीवाचून खोकला गेला. मला एक बोटही हलवावं लागणार नव्हतं. दुरुस्तीवाला पुसणार, तारीख पुसली जाणार, वेळ पुसली जाणार, आणि मी आहे तशीच राहणार. मी म्हणाले, "चला, मीही येते." सोबत म्हणून नव्हे. डोळ्यांदेखत पुसलं गेलेलं बरं, म्हणून.

दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे दोन इमारतींमधली फट. तिघी उभ्या राहिलो तर चौथ्याला शिंकायला जागा नाही. मागे फळीवर उघडे लॅपटॉप ताटांसारखे एकावर एक रचलेले. माणूस मितभाषी. त्याने लॅपटॉप घेतला, वायर लावली, आणि एक छापील कागद पुढे केला. आतील माहिती नष्ट होण्यास माझी हरकत नाही, खाली सही.

साडेचार वाजले होते. ठकी भिंतीकडे तोंड करून उभी होती, म्हणजे रडत होती.

धाकटीने कागद वाचला आणि हसली. "हरकत कसली हो?" ती त्या माणसाला म्हणाली. "आतलं सगळं मी सहा वर्षांपूर्वीच नष्ट केलंय. तुमच्यापेक्षा मी हुशार." आणि सही केली, खाली रेघ मारून, आणि परत हसली.

हे असं हसणं मी सहा वर्षं बघत आले होते. आपणच आधी हसून घ्यायचं, म्हणजे दुसऱ्याला हसायला काही उरत नाही. पण आपल्या घरात, आपल्या माणसांत. त्या दिवशी ती एका परक्या माणसाला, ज्याला तिचं नावगाव माहीत नाही, स्वतःहून सांगत होती की मी वेंधळी आहे. तो मानेने बरं म्हणाला आणि बोट बटणावर नेलं.

"थांबा," मी म्हणाले.

तो थांबला. माझा आवाज तसा आहे.

मी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. आता लपवायचं काही उरलंच नव्हतं, म्हणून मोठ्याने बोलत बोलत टाइप केलं. "मीच मोठी," मी म्हणाले. ठकी रडता रडता वळली. मग आकडे. "छत्तीस. तीस. बावीस."

लॅपटॉप उघडला.

 दुरुस्तीवाल्याने विचारलं, "पासवर्ड माहीत होता?"

"अर्धा माझा होता," मी म्हणाले. "अर्धा हिचा. दोन्ही मला माहीत होते."

धाकटी माझ्याकडे बघत होती, पण अजून तिला पुरतं कळलं नव्हतं. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ती अजून खूशच होती. "ताई, तुम्हाला आठवलं! कोटाचं माप आठवलं!" असंच म्हणाली ती. आणि मला तिथेच सुटता आलं असतं, अगदी अजूनही. हो गं, आत्ता आठवलं, म्हणायचं होतं फक्त. पण ठकीने तोवर टोपली उघडली होती.

एक्केचाळीस चित्रं. सगळी. सदरा, विजार, कोट, बाही कुठून उघडते त्याची बारीक रेघ. आणि प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ. शनिवार, तीन वाजून दहा मिनिटं.

"शनिवार?" ठकी म्हणाली. "पण शनिवारी तर आपण..." तिची जीभ नकळत गालात गेली, तो दात काढला होता तिथे. मग तिने माझ्याकडे बघितलं. त्या पोरीने माझ्याकडे तसं कधी बघितलं नव्हतं.

"मी पुसली," मी म्हणाले. "तुम्ही डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा. हिचा अर्धा मी आरशात बघून घेतला होता. तुम्ही गाव सोडून जाणार होतात. ठकी जाणार होती. मला ते सहन होईना, म्हणून पुसली. नंतर सांगायचं धाडस झालं नाही. मंगळवारीही झालं नाही."

मी तयार होते. शिव्या दे, हात उचल, त्या फळीवरचा एखादा लॅपटॉप डोक्यात घाल. प्रत्येकाला माझ्याकडे काहीतरी उत्तर असतं, पकडली गेलेच तर म्हणून ते मी मंगळवारी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. माफी कशी मागायची तेसुद्धा.

धाकटी म्हणाली, "म्हणजे ते मी नव्हते."

"नाही," मी म्हणाले.

"मी नव्हते," ती परत म्हणाली. मग ती ठकीकडे वळली आणि तिचे दोन्ही दंड धरले. "ठके, ते मी केलं नव्हतं गं." तिचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. रागावली नव्हती. आनंद झाला होता तिला, अगदी लहान मुलाला होतो तसा, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि तोंडभर हसू. मग तिला वाटलं असावं की आणखी कुणालातरी सांगायला हवं, आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ती दुरुस्तीवाल्याला म्हणाली, "ऐकलंत ना? मघाशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते मी नव्हते."

"बरं," तो म्हणाला. "मग हा कागद फाडू?"

"फाडा," ती म्हणाली.

ठकीने तिथूनच चित्रं पाठवली. पाचला सात मिनिटं कमी होती. त्या माणसाने त्याचं इंटरनेट वापरू दिलं, त्याबद्दल काही घेतलं नाही, आणि आम्ही निघताना वायर नीट गुंडाळून दिली.

परत येताना ठकी पुढे, लॅपटॉप छातीशी धरून. तिने माझ्याकडे वळून बघितलं नाही. धाकटी माझ्याबरोबरीने चालत होती. चौकापर्यंत आलो. तिथे गाड्या जाईपर्यंत थांबावं लागलं.

"ताई," ती म्हणाली. रागाने नाही, भाजी आणायची आठवण करावी तितक्या साध्या आवाजात. "सहा वर्षं मी रात्री तीन-तीनदा उठून गॅस बंद आहे का बघते. ठकीला रस्ता ओलांडून द्यायचा तर तिचा हात धरायची मला भीती वाटायची, वाटायचं माझ्याच हातून काहीतरी होईल. ती माझ्याकडे यायची सोडून तुमच्याकडे का यायची, माहीत आहे? मीच पाठवायचे. म्हणायचे, मोठी आईकडे जा, तिच्याजवळ असलीस म्हणजे मला काळजी नाही."

  गाड्या थांबल्या आणि आम्ही तिघी पलीकडे गेलो.

सासरे दुकानात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, उभ्याउभ्याने, आरशापासून टोपलीपर्यंत. त्यांना खरं वाटेना. दोन किल्ल्या असताना हे होणं शक्य नाही, परत सांग, म्हणाले. मी पहिल्यापासून परत सांगितलं. धाकटी दारात उभी होती, वर निघून जायला तिला कुणी अडवलं नव्हतं, पण ती गेली नाही. तिने दोन्ही वेळा पूर्ण ऐकलं.